सातभाईंचा कलकलाट

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोरीटला माझे पती शाळामास्तर होते. एक भिल्ल बाई दर मंगळवारी आमच्याकडे मोळी विकायला यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मोळी उतरवली की ती आधी मान कलती करून निंबावरच्या पाखरांचं ऐकायची, मगच बोलायची.

एका दुपारी अंगणात सातभाई पाखरं कलकलत होती. तशी ती रोजच कलकलायची. ओसरीवर झोळीत माझी चार महिन्यांची मुलगी झोपली होती. बाई फाटकातून आली आणि डोक्यावर मोळी तशीच ठेवून थबकली.

"बाई, पोरले उचल," ती हळूच म्हणाली. "हाऊ भांडणना आवाज नही शे."

मी मुलीला उचलून अंगणात धावले. बाईने झोळीखाली रचलेली लाकडं काठीने सारली, तर आतून नाग निघाला आणि कुंपणाकडे गेला.

पुढे पाखरं जरा ओरडली की मी धावत जाऊन मुलीला उचलायचे. शेवटी मी तिला विचारलं, "तू हे आवाज ओळखायला कुठे शिकलीस?"

ती झोळीकडे बघत होती.

"मन्ही पोर गयी, तवय शिकनू."

तिची मुलगी केवढी होती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.