खिळ्यावरच्या वहाणा

गणपतराव गेले त्याला महिना होत आला. ते जाण्याच्या आदल्या सकाळी त्यांच्या कोरड्या घशाला बरं वाटावं म्हणून मी दुसऱ्याच्या दुकानातून सोडा नेला होता. चिंचवडात जन्मभर सोडा विकलेला हा माणूस अंथरुणावरून क्षीण हसला. "मास्तर, अनामत काय ठेवली?" मला मात्र हसू आलं नाही...

त्यांचं दुकान माझ्या शाळेसमोर होतं. तोंडाशी आतून काचेची गोटी बसलेल्या सोड्याच्या बाटल्या महाग, म्हणून बाटली बाहेर न्यायची तर अनामत ठेवायची. पैसे नसतील तर टोपी, विळा, तंबाखूची चंची, काहीही चाले. सगळं भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेलं असे आणि कुठली वस्तू कुणाची, हे गणपतरावांना तोंडपाठ. गडी तसा थट्टेखोर, पण बाटलीच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट नव्हती.

तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं नुकती निघाली होती. वैशाखातल्या एका दुपारी तिथला एक मजूर धापा टाकत आला. मीही दुकानात बसलो होतो. "मालक, बायकूला उलट्या व्हायल्यात. सोडा मागती. ठेवाया काहीच न्हाई."

"पायात हायेत की!" गणपतराव म्हणाले. "चटका बसला म्हंजी बाटली लवकर येईल."

त्यानं तिथल्या तिथे वहाणा काढल्या आणि तापलेल्या वाटेनं पळत गेला. आम्ही दोघं हसलो. हो, मीसुद्धा हसलो.

दिवस कलला तरी तो परतला नाही. गणपतराव चुळबुळायला लागले. शेवटी वहाणा हातात घेऊन आम्ही दोघं मजुरांच्या झोपड्यांकडे गेलो. झोपडी रिकामी होती. चुलीपाशी सोड्याची बाटली उभी होती, भरलेली, गोटी जागच्या जागी. शेजारची बाई म्हणाली, "ती गेली वो दुपारीच. तिला नदीवर न्हेली, तिथनं त्यो माघारी आलाच न्हाई. बाटली कशी उघडायची, कुनालाच उमगंना. त्यानं फोडाया दगड उचलला, तर तीच म्हनली, दुसऱ्याची हाय, फोडू नगा, तुमच्या वहाणा जातील."

गणपतरावांनी बाटली उचलली. वाटेत सोड्याचा जोर जाऊ नये म्हणून त्यांनी बाटली बंदच दिली होती. पण गोटी दाबायचं लाकडी टोपण द्यायला विसरले होते. गोटी दाबायची असते, एवढंही त्याला सांगितलं नव्हतं. सोड्यानं ती वाचली नसती, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. "वाचली नसती, मास्तर. पर घोटभर प्याली असती," एवढंच ते म्हणत.

त्या माणसाला शोधायला ते आळंदीला गेले, तळेगावला गेले, बांधकामांवरच्या मुकादमांना विचारत फिरले. नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणार कसा? त्या दिवसापासून त्यांनी अनामत घेणं सोडलं. बाटल्या जात, निम्म्याही परत येत नसत. "दुकान हाय का अन्नछत्र?" म्हणून त्यांची बायको, आमच्या वहिनी, करवादत. ते मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, "गोटी दाबता येती ना?" गावातली माणसं या प्रश्नाला हसत, आणि मला त्यांचा राग येई.

परवा वहिनींनी दुकान आवरायला बोलावलं. भिंतीवरचे सगळे खिळे मोकळे होते, एक सोडून. कातडं कडक होऊ नये म्हणून गणपतराव दर वैशाखात त्या वहाणांना तेल लावायचे. "ह्या टाकू का, मास्तर?" वहिनींनी विचारलं. मी तेलाची वाटी मागितली. तेल लावून झाल्यावर वहाणा पुन्हा खिळ्याला अडकवल्या आणि दाराशी आलो. बाहेर ऊन रणरणत होतं. मी पायात चपला सरकवल्या, पण बराच वेळ माझं पाऊल पुढे पडेना.