तीनशे साठ देठ

मोतीलालभाऊंना मी लांबून चालीवरून ओळखते. मान खाली, हात मागे बांधलेले, नजर पावलापुढे दोन हात. भुसावळला रेल्वेत ते एकतीस वर्षं कीमॅन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून नेमून दिलेल्या रुळांवरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून घट्ट करायची आणि रूळ तडकलेला दिसला तर गाडी थांबवायची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. माझे यजमानही त्याच खात्यात होते. आमची क्वार्टर्स समोरासमोर होती आणि पुढे घरं बांधली तीही एकाच गल्लीत. मी शाळेत शिक्षिका होते; मोतीलालभाऊंचा एकुलता एक मुलगा कुंदन दोन वर्षं माझ्या वर्गात होता. अक्षर वाईट, स्वभाव गोड. वहीला समास सोडायला त्याला कधी शिकवता आलं नाही.

२१ ऑगस्ट २०२२ला रविवार होता. कुंदन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सकाळी साडेसातला तो मोटरसायकल पुसत असताना मी विचारलं, "कुठे स्वारी?"

"सातपुड्यात, बाई. पॉइंटवर. दुपारी जेवायला घरी."

यावलच्या पुढे डोंगरात एक कडा आहे, त्याला लोक नुसतं पॉइंट म्हणतात. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल पायथ्याला सापडली, हँडल लॉक केलेलं. कुंदन सापडला नाही. पोलीस, जंगल खात्याची माणसं आणि पाड्यावरच्या पावरा आदिवासी तरुणांनी अकरा दिवस दऱ्या शोधल्या. पाऊस थांबत नव्हता. बाराव्या दिवसापासून सगळे आपापल्या कामाला लागले.

मोतीलालभाऊ दर रविवारी पहिल्या बसने जात राहिले. चढताना वाटेची डावी कड पाहायची, उतरताना उजवी. प्रत्येक झुडूप काठीने बाजूला करायचं. माझ्या रोजनिशीत असे एकशे एकवीस रविवार आहेत. त्यांना एक चप्पल सापडली, ती कुंदनची नव्हती. एक पाण्याची बाटली सापडली, ती कोणाचीही असू शकत होती.

सुगंधाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे शोधणं मान्य नव्हतं. "मेल्यावानी शोधता तुमी त्याले," त्या म्हणत. "सुरतेले गेला असीन. रुसेल शे. येईन." त्याचं अंथरूण त्या दर पंधरा दिवसांनी उन्हात घालत.

गेल्या वर्षी मोतीलालभाऊंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितला. तेव्हा भावकीतल्या मोठ्यांनी विषय काढला. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मांडून माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. त्यानंतर तो माणूस गेला असं धरतात. सुगंधाबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. मोतीलालभाऊ महिनाभराने हो म्हणाले. फाल्गुनातली अमावस्या ठरली. देठ मात्र त्याच डोंगरावरचे हवेत, हा त्यांचा हट्ट होता. मला म्हणाले, "बाई, मोजायला चला. माझी मोजणी मधेच तुटते."

मी एकाहत्तर वर्षांची. तरी गेले. १६ मार्च २०२५, रविवार, धुळवडीनंतर दोन दिवसांनी.

पायथ्याला ताईबाईची चहाची टपरी आहे. मोतीलालभाऊंना पाहून तिने न विचारता बिनसाखरेचा चहा ठेवला.

"काय भाऊ, आज पिशवी मोठी आणली? आन् बाईले बी आणलं?"

"पळसाची पानं न्यायची आहेत."

ताईबाई हसायला लागली. "फागुनात? भाऊ, तुमी रेल्वेतच रायले! आते पान कोठे शे? वर पाहा ना जरा."

मोतीलालभाऊंनी मान वर केली. मीही केली. सगळा उतार लालभडक होता. पळसाच्या झाडांना फुलं, फुलं आणि फुलं. पान एकही नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं. मोतीलालभाऊंचा जन्म रेल्वे क्वार्टरमधला, आणि पुढे सबंध आयुष्य खाली पाहण्यात गेलेलं. "इतके दिवस येतोय," ते म्हणाले, "मला हे दिसलंच नाही."

ताईबाईला पिशवी कशासाठी ते कळलं असावं. तिने चहाचे पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाली, "खाली पडेल असतीन. वाळेल. देठ निघतीन त्याचे."

मग आम्ही वाळकी पानं वेचत चढलो. वाट अरुंद आणि उभी आहे. साग निष्पर्ण झालेले, पायाखाली त्यांची ताटाएवढी पानं करकरत होती. त्या ढिगात पळसाचं पान शोधायचं, वाकायचं, देठ मोडून पिशवीत टाकायचा. मी मोठ्याने आकडा म्हणायचा. शंभराला मी दगडावर बसले. दोनशेदहाला त्यांचा गुडघा अडकला आणि ते बराच वेळ झाडाला धरून उभे राहिले. मधेच देठ विसरून ते काठीने झुडूप उचकटू लागत. मी आकडा पुन्हा म्हटला की परत वाकत.

तीनशे साठावा देठ पॉइंटच्या अलीकडे मिळाला.

कड्यावरून खाली केळीच्या बागा हिरव्या चौकोनांसारख्या दिसतात, त्यांच्या पलीकडे तापीची रेघ आणि अगदी लांब औष्णिक वीज केंद्राचा धूर. कॉलेजची तीन मुलं तिथे फोटो काढत होती. त्यांतला एक म्हणाला, "काका, आमचा एक काढा ना." मोतीलालभाऊंनी फोन घेतला. "मागे सरकू नका," ते इतक्या जोरात ओरडले की मुलं घाबरून दोन पावलं पुढे आली. फोटो हलला. मुलं निघून गेली.

ते पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"बाई, आदल्या संध्याकाळी मी त्याला बोललो होतो. भरतीची परीक्षा तिसऱ्यांदा हुकली म्हणून. काय बोललो ते सुगंधालाही माहीत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्याला शिकवलंय. तुम्ही खोटं बोलत नाही. सांगा, तो पडला, की त्याने स्वतःच?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला गाडी पुसताना पाहिलं होतं, त्यापलीकडे काही नाही. त्यांनी पिशवीचे बंद दोन्ही मुठींत धरले होते.

"पडला," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

उतरताना त्यांनी उजवी कड पाहिली नाही. सरळ चालत खाली आले.

अमावस्येला तापीकाठी विधी झाला. गुरुजींनी दर्भावर देठ मांडले. डोक्याचे इतके, हातांचे इतके, छातीचे इतके. खरोखर माणसासारखं दिसू लागलं. मी एकदा पाहिलं आणि नंतर पाण्याकडे पाहत राहिले. गुरुजींनी विचारलं, मृत्यू कशाने? मोतीलालभाऊ स्पष्ट आवाजात म्हणाले, "कड्यावरून पडला. या बाईंना माहीत आहे." भावकीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. वाळके देठ क्षणात पेटले.

सुगंधाबाई घाटावर आल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"बाई, तुमी सांगितलं का, तो पडला म्हून?"

"हो."

"तुमी पाह्यलं?"

"नाही."

"कोनी सांगितलं तुमाले?"

"कोणी नाही."

"मंग माह्या पोराले जाळलं काऊन?"

मोतीलालभाऊंचा चेहरा, त्या मुठी, हे मी त्यांना कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर आदल्या संध्याकाळचं बोलणंही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "माझी चूक झाली." त्यांनी पदर सावरला आणि गेल्या.

त्या आता असोद्याला बहिणीकडे राहतात. कुंदनचं अंथरूण सोबत नेलं. मोतीलालभाऊ रविवारी घरीच असतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "निदान पडला एवढं कळलं, बाई. तुमच्यामुळे झोप लागते." एकटेच जेवतात आणि दुपारी ओट्यावर बसून राहतात. मी समोरून जाताना ते नमस्कार करतात आणि मीही करते.

माझ्या रोजनिशीत १६ मार्चच्या पानावर तीनशे साठचा आकडा आहे, चढायला लागलेला वेळ आहे, पळसाची फुलं आहेत. मी त्यांना काय सांगितलं, ते मात्र तिथे लिहिलेलं नाही.