जमिनीकडे बघत चालणारी बाई

आमच्या मुलुंडच्या गल्लीखालून गॅसची नवी पाइपलाइन गेली, तेव्हापासून पिवळं जाकीट घातलेली एक बाई रोज सकाळी जमिनीकडे बघत जायची. कुठे माती उकरलेली दिसली की थांबून पायाने चाचपायची. हिचं काही हरवलंय की काय, असं मला आधी वाटायचं. नाव कधी विचारलं नाही.

गणपतीच्या मांडवासाठी आम्ही नेहमीच्या जागी खड्डे खणायला लागलो, तर ती धावत आली आणि थेट पहारीसमोर उभी राहिली.

"इथे नाही खणायचं! खाली लाईन आहे. पहार लागली तर गल्लीची वाट लागेल."

मी भडकलो. "मांडव कायम इथेच असतो. आता बाप्पाला हलवू?"

"बाप्पाला कशाला हलवता? बांबू ड्रममध्ये उभे करा ना. वाळू भरा, झकास राहतील."

कुरकुरतच आम्ही ड्रम आणले. तीही आमच्याबरोबर घमेल्याने वाळू ओतायला लागली.

चतुर्थीला मांडवात एक बाई आली. जरीची साडी, नाकात नथ. मी ओळखलंच नाही. तिने आधी वाकून प्रत्येक बांबूच्या बुडाशी नजर टाकली आणि मग कुठे बाप्पाला हात जोडले.