पन्नास दिवसांची सुरमई

ऑफिसचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आपण आपले कामाला जातो आणि ते आपोआप साठतात, पंख्यावर धूळ साठते तसे. आमच्या परळच्या ऑफिसात तर काम कमी आणि किस्से जास्त अशी परिस्थिती होती. त्यातल्या एका किश्शाचं मूळ मी स्वतः लिहिलेल्या दोन ओळींत आहे, म्हणून तो मी सहसा सांगत नाही. आज विषय निघालाच आहे, तर होऊन जाऊ दे!

*

आधी ऑफिस. संप होऊन वीसेक वर्षं उलटली होती. जिथे साचे धडधडायचे, त्या गिरणीच्या कंपाउंडमध्ये काचेची सहा मजली बिल्डिंग उभी राहिली होती. जुनी चिमणी तेवढी ठेवली होती, ब्रोशरमध्ये फोटो छान येतो म्हणून! चौथ्या मजल्यावर आम्ही पाच जण आणि आमचे मालक कर्णिकसाहेब. साहेब दादरचे, त्यामुळे ते चुकतात ही शक्यताच नव्हती.

बंदरावरच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही सॉफ्टवेअर केलं होतं. मासळीचा क्रेट आत आला की कॉम्प्युटर वेळ टिपणार. पंचेचाळीस दिवस झाले की स्क्रीनवर ती ओळ लाल. लाल म्हणजे माल फेकायचा, वाद नाही.

"आणि एकदा लाल झालेलं परत हिरवं करता येता कामा नये," साहेबांनी बजावलं. "माणसाचा हात लागला की गडबड सुरू होते."

मी मान डोलावली आणि तसं करून टाकलं. साहेबांनी सांगितलेलं पहिल्या फटक्यात बरोबर झालं असं ते एकच काम.

*

साहेबांची एक शिस्त होती. संध्याकाळी सहा वाजता ते स्वतः उठायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. खाट! कोणाचं काम सेव्ह झालंय, कोणाचं नाही, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

"मशीनलासुद्धा विश्रांती लागते रे," म्हणायचे.

परिणाम असा की आमच्या ऑफिसात एकही कॉम्प्युटर कधी सलग चोवीस तास चालला नाही. आणि आम्ही गिऱ्हाइकाला लिहून द्यायचो, 'दीर्घकाळ चालवून तपासलेले'. तिकडे कोल्ड स्टोरेजचं मशीन कधी म्हणजे कधीच बंद होत नसे. बंद केलं तर मासळीचं काय होणार? एवढा साधा फरक आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

*

मग देवधर आला. दोन वर्षं परदेशात राहून आलेला, त्यामुळे पाणी पितानासुद्धा आर्किटेक्चर बोलायचा. त्याने कोल्ड स्टोरेजला नवंकोरं मशीन बसवायला लावलं. दोन प्रोसेसरवालं!

"एक घड्याळ चालवणार, दुसरा क्रेट तपासणार. एकाच वेळी!" देवधर म्हणाला.

"पण आपला प्रोग्राम जुना आहे रे," मी म्हटलं. "बत्तीस बिटांचा. आणि वेळ आपण चौसष्ट बिटांत ठेवतो."

"सो व्हॉट? जुना ड्रायव्हर नव्या गाडीत बसला म्हणून गाडी हळू चालते का?"

हळू नाही चालत, ठोकते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. अशी उत्तरं मला नेहमी नंतर सुचतात, ती पण माणूस लिफ्टमधून उतरून गेल्यावर.

*

दोन महिने झाले नसतील, एक दिवस अकराच्या सुमाराला ऑफिसचं काचेचं दार ढकलून पारूमावशी आत आली. माझगावची कोळीण, त्या कोल्ड स्टोरेजमध्ये मासळी ठेवायला तिचा एक रॅक होता. डोक्यावर क्रेट. रिसेप्शनची मुलगी "मॅडम, अपॉइंटमेंट?" म्हणेपर्यंत मावशीने तो क्रेट साहेबांच्या मीटिंगच्या काचेच्या टेबलावर धाडकन ठेवलासुद्धा! बर्फाचं पाणी साहेबांच्या फायलींखालून वाहायला लागलं.

"साहेब, वास घ्या!"

"अहो बाई..."

"वास घ्या म्हनते ना मी! ही सुरमई काल माझ्या हातानं आत ठेवलीय. तुमचा डबडा बोलतो पन्नास दिवसांची हाय!"

साहेब मागे सरकले. साहेब शाकाहारी होते. मी वास घेतला. मासळी इतकी ताजी होती की मला दुपारच्या भाजीचं वाईट वाटलं.

मावशीने कमरेची नोटीस काढून टेबलावर आपटली. 'शिळा माल ठेवल्याबद्दल महिनाअखेर रॅक रिकामा करावा.' खाली कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरची, परबची सही. परबला मावशीने शंभरदा सांगून पाहिलं होतं. त्याचं एकच उत्तर, "मावशी, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"संपात नवरा घरी बसला तवा टोपली उचलली मी," मावशी म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "चार पोरं त्या टोपलीवर वाढली. आता रॅक गेला तर गेला, मी उघड्यावर बसंन. पण पारूनं शिळी मासळी इकली असं बंदरावर बोलतात ना, ते मला नाय सोसत."

साहेब गंभीर झाले. मला वाटलं, आता माफी मागणार.

"असं होऊच शकत नाही," साहेब म्हणाले. "आमच्याकडे एकदाही झालेलं नाही."

*

मी हादरलो होतो. वेळ वाचायच्या त्या दोन ओळी माझ्या होत्या. पण त्यात चूक दिसेना. हजारदा चालवलं, हजारदा बरोबर.

आमच्या बिल्डिंगचे लिफ्टमन तावडेकाका. संपाआधी ह्याच जागेवर चार साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं. पारूमावशीचा नवरा त्यांच्या शेजारच्या साच्यावर. तोंड पाडून लिफ्टमध्ये शिरलो तर म्हणाले, "काय झाला रे? पारूचा काय करतंस?"

मी वैतागून सांगून टाकलं. आकडा रुंद आहे, प्रोग्राम अरुंद. म्हणून तो एकाच आकड्याचे दोन तुकडे वाचतो, आधी खालचा अर्धा, मग वरचा अर्धा.

काकांनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबवली!

"अरे, आमचो रुंद साचो मोडलो की डबल चादर अरुंद साच्यार दोन पट्ट्यांत इणायचे. मग जोडायची. एकदा माझी पट्टी झाली नि पाळी बदलली. दुसऱ्या पाळीवाल्यान डिझाइन बदललान. जोडून बघतात तर काय, अर्धो मोर नि अर्धा कमळ!"

"मग?"

"मग काय? दोन्ही पट्ट्ये चोख. चादर चुकीची!"

माझी ट्यूब पेटली. मी खालचा अर्धा उचलतो, तेवढ्यात दुसरा प्रोसेसर घड्याळ पुढे सरकवतो, आणि मग मी वरचा अर्धा उचलतो तो नव्या वेळेचा. अर्धा मोर, अर्धं कमळ! एरवी फरक पडत नाही, कारण खालचा अर्धा सेकंदाचे हजारावे भाग मोजत पूर्ण भरला की मगच वरचा अर्धा बदलतो, मशीन सुरू झाल्यापासून दर एकोणपन्नास दिवस आणि काही तासांनी एकदाच. नेमक्या त्या क्षणी जो क्रेट तपासला जात असेल तो एकोणपन्नास दिवसांनी म्हातारा होतो आणि साहेबांच्या कृपेने कायमचा लाल. आमच्या ऑफिसात तो क्षण कधी येणारच नव्हता, कारण सहाला खाट!

"वर नेऊ की खाली?" काकांनी विचारलं. बाहेर लोक दार बडवत होते.

*

मी ऑफिसात घड्याळ मुद्दाम त्या काठावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा पुन्हा काठ ओलांडायला लावलं. दहा मिनिटांत ओळ लाल!

देवधरने खुर्ची ओढून स्क्रीनमध्ये तोंड घातलं. मग म्हणाला, "मला डाउट होताच. नवीन प्रोसेसर अख्खा चौसष्टचा आकडा एका दमात उचलू शकतो. आपण फक्त तसं मागायला पाहिजे." आणि त्याने तसं मागितलं. दुपारी चाचणी घेतली. परत लाल!

मेमरीतली जागा वाचवायला ह्याच गृहस्थाने सगळे आकडे एकमेकांना खेटून कोंबले होते, आणि आमची वेळ नेमकी दोन खणांच्या फळीवर आडवी पडली होती. अर्धी ह्या खणात, अर्धी त्या खणात. असल्या आकड्याला प्रोसेसरसुद्धा एका दमात हात घालत नाही. मी तो आकडा एका खणात नीट ठेवला. दिवसभर काठ ओलांडला, एकही ओळ लाल झाली नाही.

देवधरने साहेबांना मेल पाठवला, 'माझ्या डिझाइनमधील सुधारणा'. काकांचं नाव कशाला असेल त्यात!

*

साहेब मात्र अडून बसले. "क्लायंटपुढे चूक हा शब्द काढायचा नाही. परबला बोलावू आणि 'नवीन सुविधा' दाखवू."

"आणि मावशीचा रॅक?"

"तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे."

महिना संपायला दोन दिवस होते. माझं टाळकंच सटकलं. मी काकांना परब कधी येणार ते सांगितलं, बाकी काही बोललो नाही.

परब बरोबर साडेबाराला आला, हातात जेवणाचा डबा. त्याच्या मागोमाग लिफ्टमधून पारूमावशी. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला!

"आधी जुना प्रोग्राम दाखवतो," मी म्हटलं. "परबसाहेब, काहीतरी आत ठेवल्यासारखं नोंदवू या. तुमचा डबाच नोंदवू का?"

"नोंदवा की," परब हसला. "सकाळी आठला बायकोने भरलाय."

मी नोंदवला. घड्याळ काठावर नेलं. एकदा, दोनदा, दहादा. आणि झाली ओळ लाल! 'परब, डबा. एकोणपन्नास दिवस. फेकून द्यावा.'

मी तोंड उघडायच्या आत मावशीने डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीवर धरला.

"अहो मावशी! काय करताय? सकाळचा आहे तो!"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाय."

"अहो, ताजी सुरमई आहे त्यात!"

"कोनाकडून घेतली?"

परबने डब्याकडे हात पुढे केला. साहेब छताकडे बघत होते. देवधरला एकदम फोन आला.

"कोनाकडून घेतली ती सांग ना!"

"तुमच्याकडूनच," परब पुटपुटला. "पहाटे. रोज घेतो तशी."

मावशीने दुसऱ्या हाताने कमरेची नोटीस काढली आणि तीही बादलीवर धरली. एका हातात डबा, एका हातात कागद.

"आता तूच सांग बाबा," मावशी म्हणाली, "ह्यातलं शिळं काय हाय?"

परब उठला, मावशीच्या हातातला कागद घेतला, फाडला आणि बादलीत टाकला.