पाचवी फ्लॉपी आणि ठाण्याचा शिक्का

तो दसरा मी विसरू शकलेलो नाही. आमच्या भागातला संगणकाचा पहिला गुन्हा त्या दिवशी पेडण्याच्या ठाण्यात उकलला गेला, असे मी गेली अनेक वर्षे अभिमानाने सांगत आलो आहे. ते खरेच आहे. फक्त त्यात गुन्हा नव्हता.

गोवा राज्य होऊन काही वर्षे लोटली होती. माणूस कोंकणीत सांगे, हवालदार मराठीत समजून घेई आणि कागद इंग्रजीत टंकला जाई. एवढ्या प्रवासात काही माणसे आपोआप निर्दोष होत, तर काही उगाच दोषी.

दसऱ्याच्या सकाळी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे व्यवस्थापक ठाण्यात आले. सोबत दोन पहारेकऱ्यांनी दंडाला धरलेला त्यांचाच ड्राफ्ट्समन. हा गडी गडहिंग्लजकडचा, तिशीतला, रोजंदारीवर. दिवाळीपासून त्याला कायम करणार होते.

"साधी चोरी समजू नका, इन्स्पेक्टर," व्यवस्थापक म्हणाले. "ही औद्योगिक हेरगिरी आहे."

साच्यांची सगळी रेखाचित्रे पाच फ्लॉप्यांवर ठेवलेली होती. चार जागेवर होत्या, पाचवी नव्हती. कारखाना उलथापालथा करून झाला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होते आणि या माणसाच्या खिशात त्याच संध्याकाळचे गावाकडच्या गाडीचे तिकीट सापडले होते. व्यवस्थापकांच्या मते तपास तिथेच संपला होता. उरला होता तो फक्त गुन्हा नोंदवणे. शिक्का मारलेली प्रत त्यांना मुख्य कार्यालयाला पाठवायची होती.

मी त्याला समोर बसवले.

"चार आहेत ना? मग त्या चारांवरची चित्रे तरी काढून दे."

"निघत न्हाईत, साहेब."

त्याने समजावून सांगितले. संगणकात जागा अपुरी. म्हणून काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम टाइप करायचा. मग मोठ्या फाइली दाबून निम्म्याहून लहान होतात आणि एकापाठोपाठ एक फ्लॉप्यांवर भरल्या जातात. तसे करून त्याने मूळ फाइली पुसल्या होत्या. परत हव्या असल्या की उलटा हुकूम द्यायचा, की त्या होत्या तशा उलगडतात.

"पण उलगडताना त्यो पहिली फ्लॉपी मागत न्हाई. आधी शेवटची मागतोय."

इथे हा खोटे बोलतो आहे, असे माझ्या अनुभवाने मला बजावले. "पोथी कधी शेवटच्या पानापासून वाचतात का रे?"

"पोथी न्हाई ही, साहेब. कुठलं चित्र कुठं दाबून बसवलंय, त्याची यादी सगळं झाल्यावर शेवटी लिहितोय त्यो. यादी बघितल्याबिगर उघडत न्हाई. तुम्ही पंचनाम्यात सामानाची यादी मोजायच्या आधी लिवता व्हय?"

हवालदार हसला. मी हसलो नाही, पण मुद्दा डोक्यात ठेवला.

"आन चोरायचंच असतं तर पाची नेल्या असत्या की! नुसती यादी नेऊन काय लोणचं घालू तिचं?" मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "साहेब, नाव एकदा तुमच्या वहीत चढलं, की कायम व्हायचं गेलंच न्हवं?"

खोटे बोलणारा माणूस सुटकेचे विचारतो. हा नोकरीचे विचारत होता. तरीही तक्रारदार समोर ठाण मांडून होता आणि त्याने लिहून आणलेला तक्रारीचा कागद तयार होता. मी हवालदाराला शिक्का आणायला सांगितले.

हवालदार जवळच्याच पार्से गावचा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला घाई झालेली कुणी पाहिली नव्हती.

"शिक्को पूजेत आसा, सायबा."

"म्हणजे?"

"काल खंडेनवमी न्हय? सांजेक उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावूक जावचो नाय."

मी आत जाऊन पाहिले. पाटावर दोन रायफली, लाठ्या, बेड्या, टाइपरायटर आणि मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, ठाण्याचा गोल शिक्का.

"शिक्का हे काय शस्त्र आहे?"

"रायफल चलताना मी एकदाय बघूक नाय," हवालदार म्हणाला. "शिक्को रोज चलता."

मी तसाच बाहेर आलो आणि व्यवस्थापकांना विचारले, "तुमच्याकडे काल पूजा झाली?"

"अर्थात. मी स्वतः केली. आज संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं सक्त बजावलंय."

"पूजेत काय काय मांडलं?"

"कॅलिपर, स्पॅनर, ड्रिल..."

"आणि संगणक?"

"तो वातानुकूलित खोलीतून हलवता येत नाही. म्हणून त्याच्या जागी आपली एक..." ते थांबले.

"कुठली घेतलीत?"

"गठ्ठ्यातली वरची."

"वरची म्हंजे शेवटचीच की!" ड्राफ्ट्समन खुर्चीतून उठला. पहारेकऱ्यांनी त्याला धरले नाही.

आम्ही जीपने तुयेला गेलो. कारखानाभर झडती झाली होती, पण पूजेचा पाट जसाच्या तसा होता. ड्रिलशेजारी, हळदकुंकवाखाली, पाचवी फ्लॉपी. व्यवस्थापक म्हणाले, भटजी संध्याकाळी येतील. हवालदाराने अक्षता टाकून उत्तरपूजा उरकली. खात्याने हे काम कुणालाही नेमून दिलेले नाही.

ड्राफ्ट्समनने कुंकू रुमालाने झटकून फ्लॉपी आत सारली आणि हुकूम टाइप केला. एंटर मी दाबला. त्याचा मला आजही अभिमान आहे. संगणकाने यादी वाचली, मग पहिली मागितली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि पुन्हा पाचवी. चित्रांची नावे एकाखाली एक पडद्यावर उतरत गेली. एकही कमी नव्हते.

व्यवस्थापक हळूच म्हणाले, "मग आम्ही तक्रार मागे घेतो."

"नोंदलेलीच नाही, मागे काय घेणार? याला मात्र तुम्ही सगळ्यांसमोर धरलंत. चूक झाली, हेही सगळ्यांसमोर सांगा."

त्यांनी ते सांगितले, सगळ्या कामगारांना गोळा करून. ड्राफ्ट्समनने संध्याकाळची गाडी पकडली आणि दिवाळीत तो कायम झाला. पेढे द्यायला आला तेव्हा पुडा त्याने हवालदाराच्या हाती दिला, आणि ते योग्यच होते.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली: जिथे आपण हात जोडतो, तिथे आपण झडती घेत नाही. पुढे डिचोलीला बदली झाल्यावर हे सूत्र मला अनेकदा उपयोगी पडले. कुठे कुठे, ते सांगणे बरे नव्हे.

संगणकाच्या त्या पहिल्या तपासाची सरकारदरबारी एकच नोंद आहे. ती त्या दिवशीच्या ठाणे डायरीत हवालदाराने केली: "तुये येथे भेट. शांतता. प्रसाद घेतला. परत."