पुढे जाण्याची खूण

आज सकाळी गोल्फच्या मैदानावर माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं खेळत होतं. खेळत कसलं, रेंगाळतच होतं. बाई चिमूटभर गवत उडवून वारा बघायच्या. मग टिटवीची अंडी दिसली म्हणून दोघं तिथेच उभी. संथ खेळणाऱ्यांनी मागच्याला वाट द्यायची, ही आमच्या क्लबातली रीत. त्या गृहस्थांनी हात हलवला, "तुम्ही पुढे व्हा! आमचं काही खरं नाही."

माझी बायको सुमन अशीच खेळायची. मी डाफरायचो, "आटप गं, मागचे खोळंबलेत!" ती हसायची, "जाऊ दे की त्यांना पुढे. आपल्याला कुठे जायचंय?" त्या मागच्यांपैकी एकाचाही चेहरा आज मला आठवत नाही.

ती गेल्यापासून मी एकटाच खेळतो. नऊच्या आत सगळं आटोपून घरी पोचतो, आणि मग दिवस संपता संपत नाही.

ते गृहस्थ अजून हात हलवत होते.

"होऊ द्या सावकाश," मी ओरडून सांगितलं आणि बाकावर टेकलो. कितीतरी दिवसांनी मला कुणासाठी तरी थांबायला मिळत होतं.