चुका शोधणारे कान

अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांची पौर्णिमा बारावीपर्यंत कायम पहिली आली. पहिलं येणं हा तिचा स्वभावच झाला होता म्हणा ना. मग ती अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजात दाखल झाली, जठारपेठेतल्या होस्टेलात तिला खोली मिळाली आणि त्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर मूर्तिजापूरकडची माया येऊन बसली. तिथून पौर्णिमाच्या सुखाला जी नजर लागली ती लागलीच.

पौर्णिमाचा अभ्यास पाहण्यासारखा असे. भिंतीवर वेळापत्रक, उशाशी अलार्म, महत्त्वाच्या ओळींना एक रंग, अतिमहत्त्वाच्या ओळींना दुसरा. शेवटी सगळं पानच रंगून जायचं ही गोष्ट वेगळी. धडा पाठ झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही, असा तिने स्वतःलाच दंडक घालून घेतला होता. इंग्रजी पुस्तक ती डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवायची आणि मध्येच कुणी अडवलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

आणि माया? माया वॉर्डातली ड्यूटी संपवून यायची, हातपाय धुवायची, केसांना तेल लावायची आणि गच्चीच्या जिन्यात बसून आईला फोन लावायची. तिची आई इंदूबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. "आई, आज नाकातून नळी कशी टाकतेत ते शिकवलं, ऐक," असं म्हणून माया आख्खा धडा वऱ्हाडीत सांगायची. इंदूबाई तिकडे भाकरी थापता थापता विचारायच्या, "मंग माणसाले ठसका नाई लागत?" माया अडखळायची, "थांब, उद्या मॅडमले विचारीन," म्हणायची आणि खरंच विचारायची. झाला अभ्यास! पुस्तकाला हात लागला तर लागला. तरी निकालात मायाचं नाव पौर्णिमाच्या वर.

पौर्णिमाच्या जिवाची नुसती लाही व्हायची. ही बया चोरून अभ्यास करते की काय, म्हणून तिने आठवडाभर पाळत ठेवली. पाळत अगदीच वाया गेली. मग तिने मायाचीच रीत उचलून पाहिली. आपल्या आईला, आशाबाईंना, तिने फोन लावला.

"आई, आज तुले ताप कसा मोजतेत ते सांगू का?"

"मले काय समजते बाई त्यातलं? तू फक्त पहिली ये. आन जेवली का?"

फोन तिथेच संपला. त्या संध्याकाळी पौर्णिमाला मायाच्या मार्कांपेक्षा मायाच्या आईचा जास्त हेवा वाटला. आपल्याकडे रंगीत पेनं आहेत, अलार्म आहे, घरचा पानमळा आहे; पण भाकरी थापता थापता "मंग?" म्हणणारं कुणी नाही, हे तिच्या मनाला फार लागलं.

तशात दिव्याचा कार्यक्रम जवळ आला. नर्सिंगच्या नव्या मुली शपथ घेतात त्या दिवशी वरच्या वर्गातली, म्हणजे यंदा पौर्णिमा-मायाच्या वर्गातली, एक मुलगी मोठा दिवा धरून उभी राहते आणि नव्या मुली त्या दिव्यावर आपापल्या मेणबत्त्या पेटवतात. कॉलेजात याहून मोठा मान नाही. दिवा कोणाच्या हातात द्यायचा हे त्यांच्या शिक्षिका सीमा मॅडम वॉर्डातल्या प्रॅक्टिकलवरून ठरवणार होत्या. पौर्णिमाने घरी आधीच सांगून टाकलं होतं, "दिवा माह्याच हातात राहीन." खुशालराव पानमळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते ऐकवत होते. आता दिवा मायाकडे गेला तर गावात तोंड कसं दाखवायचं?

तेव्हा पौर्णिमा होस्टेलच्या वॉर्डनबाईंकडे गेली.

"बाई, मी चुगली करून राहिली असं समजू नका," ती म्हणाली. चुगल्या अशाच सभ्यपणे सुरू होतात. "पण माया रोज जिन्यात बसून तासभर कोणाशी तरी बोलते. हळू आवाजात."

हळू आवाजात, हे तिने पदरचं घातलं होतं. माया बोलायची तेव्हा खालच्या मजल्यावरही ऐकू जायचं. पण वॉर्डनबाईंना तेवढं पुरलं. प्रॅक्टिकल होईपर्यंत मायाचा फोन कपाटात बंद झाला. घरी बोलायचं तर रविवारी, ऑफिसातून, बाईंच्या देखत.

माया दोन दिवस सैरभैर झाली. पुस्तक उघडायची, मिटायची, जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. पौर्णिमा चादरीआडून ते बघायची आणि तिच्या जिवाला थंडावा वाटायचा. तिसऱ्या दिवशी मात्र माया सरळ तिच्या खाटेवर येऊन बसली.

"पौर्णिमा, तू ऐक ना वं. सांगितल्याबिगर माह्या डोक्यात काहीच टिकत नाई."

पौर्णिमाने क्षणभर विचार केला. शत्रू आपल्या पायांनी चालत आला होता. हिला काय येतं आणि काय येत नाही हे आता रोज बसल्या जागी कळणार होतं. "सांग," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी माया सांगायची आणि पौर्णिमा ऐकायची. ऐकायची कसली, दबा धरून बसायची. माया चुकली रे चुकली की हिचं बोट वर. माया चुकेना झाली तेव्हा पौर्णिमा दुपारी लायब्ररीत बसून अवघड प्रश्न शोधू लागली. वेळापत्रक भिंतीवर तसंच लटकत राहिलं.

"पेशंटचा श्वास त्याले न सांगता काहून मोजाचा?" असं तिने एकदा विचारलं आणि मायाने तो प्रश्न तळहातावर लिहून घेतला. पौर्णिमाला त्या रात्री छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी माया वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना विचारून आली आणि हातवारे करून उत्तर सांगू लागली; पण पौर्णिमाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात पुढचा प्रश्न जुळवत होती.

प्रॅक्टिकलला दोघींना एकच पेशंट मिळाला. महादेवराव नावाचे म्हातारे गृहस्थ, छातीच्या दुखण्याने दाखल झालेले. पहिली पाळी पौर्णिमाची. तिने हात धुतले, नमस्कार केला, ताप पाहिला, नाडी पाहिली, सगळं पुस्तकातल्यासारखं. मग घड्याळ समोर धरून ती गोड आवाजात म्हणाली, "बाबाजी, आता तुमचा श्वास मोजते हं."

महादेवराव भला माणूस. पोरीची परीक्षा आहे हे त्यांना कळत होतं. ते उठून ताठ बसले, छाती पुढे काढली आणि सावकाश, शहाण्यासारखा श्वास घेऊ लागले. आकडा अगदी चांगला आला. पौर्णिमाने तो खुशीत लिहिला. सीमा मॅडमनी आपल्या कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

महादेवराव उशीला टेकले. थोड्या वेळाने माया आली. तिने त्यांचं मनगट धरलं, नाडी मोजून झाली तरी सोडलं नाही. बोटं मनगटावर आणि नजर पांघरुणावर. पांघरूण भराभर वरखाली होत होतं. महादेवरावांना वाटलं, पोरगी अजून नाडीच बघते आहे. मायाचा आकडा पौर्णिमाच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आला. सीमा मॅडमनी स्वतः पुन्हा मोजला, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला लावली आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

पौर्णिमा पायथ्याशी उभी होती. प्रश्न तिचा होता. तिनेच तो लायब्ररीतून खणून आणला होता. उत्तर तेवढं मायाकडे राहिलं होतं.

दिवा मायाच्या हातात गेला. कार्यक्रमाच्या दिवशी पौर्णिमा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि एकेक टाळी तिला जड जात होती. कार्यक्रम आटोपल्यावर इंदूबाई तिला शोधत आल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"तूच नं पौर्णिमा? फोन बंद झाला तवा मले लय घोर लागला होता. मंग पोरगी म्हणे, आई, पौर्णिमा ऐकून राहिली, तू काळजी नको करू. दुसऱ्याच्या पोरीसाठी कोण बसते बाई रोज?"

पौर्णिमाला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले. इंदूबाई चहा घ्यायला गेल्या तशी ती मायाकडे वळली आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "माया, वॉर्डनबाईले मीच सांगितलं होतं."

"माहीत हाये."

"माहीत हाये? मंग भांडली काहून नाई?"

"भांडाचंच होतं. दोन दिवस तेच ठरवून राहिली होती," माया साडीची घडी नीट करत म्हणाली. "मंग म्हटलं, भांडून ऐकणार कोण? आन खरं सांगू का, आईले मी काहीबी सांगितलं तरी तिले खरंच वाटते. तू माही एक चूक नाई सोडली."

पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आपण रोज दुपारी लायब्ररीत घाम गाळला तो हिच्या दिव्यासाठी! हिला पाडायला शोधलेला एकेक प्रश्न हिने गोळा करून नेला आणि आपल्या हाती काय राहिलं?

"उद्यापासून मी सांगीन," ती शेवटी म्हणाली. "तू ऐकाचं."

"ऐकीन नं," माया म्हणाली, अगदी मनापासून. "पण मले तुह्यासारखं जळता येत नाई वं. तुह्या चुका मले सापडतीन का, ते नाई सांगता येत."